अफूचा कण, टर्की आणि जिभेखालची गोळी

आमच्या कुडवा गावात आजीच्या तरुणपणी रोवणीच्या दिवसांत तान्ह्या लेकरांना अफूचा कण चाटवत. माय दिवसभर बांधीत वाकलेली, लेकरू धुऱ्यावरच्या झाडाखाली. ते सांजेपर्यंत निजून राहावं म्हणून. कणाचा अंदाज चुकला की लेकरू उठतच नसे, हेही आजीच सांगायची. अफू तेव्हा चोरीची नव्हती. १८७८च्या अफू कायद्याखाली परवान्याच्या दुकानात ती मिळे. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बायाही तेच करत. १९३१च्या कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालात त्याची नोंद आहे. मला त्या मायांचा राग येत नाही. लेकरू सांभाळायला कोणी नव्हतं आणि मजुरी बुडवली तर चूल बंद.

म्हातारी माणसं अफू हगवणीवर घेत, सांधे दुखले की घेत. नेहमीची सवय असलेल्याला ती मिळाली नाही की नेमकी हगवण लागे, हाडं ठणकत. असं उलटं का होतं, हे मला परिचारिका झाल्यावर कळलं.

१९८०नंतर पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे अफूपासूनचंच हेरॉइन, आलं. वॉर्डात अशी पोरं यायची : नाक-डोळे गळतायत, अंगावर काटा, रात्र-रात्र झोप नाही. ती स्वतः याला ‘टर्की’ म्हणत. आम्ही काय सांगायचो? मन घट्ट कर. डॉ. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचटांनी तिथे व्यसनी माणसाला रुग्ण मानलं, घरच्यांनाही उपचारात घेतलं. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

मेंदूतलं कारण तोवर सापडलेलं होतं. १९७३मध्ये अमेरिकेत कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी अफूजन्य द्रव्यं मेंदूत ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) बसतात ते दाखवले. १९७५मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना शरीराचं स्वतःचं तसंच द्रव्य मिळालं, एन्केफॅलिन. बाहेरून रोज अफू आली की मेंदूच्या बुडाशी नॉरॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशी दबतात आणि त्या दाबाला पुरून उरण्यासाठी आपला जोर वाढवून घेतात. अफू थांबली की तो सगळा जोर एकदम मोकळा होतो. तीच टर्की. आतड्यांतही असेच ग्राहक असतात, म्हणून ती हगवण.

टर्की आठ-दहा दिवसांत उतरते. मेंदूची घडी बसायला महिने लागतात, तलफ त्याहून जास्त काळ राहते. न्यूयॉर्कच्या डोल आणि निस्वांडर यांनी १९६५मध्ये मेथाडोन हे अफूसारखंच औषध रोज देऊन अशी माणसं कामाला लागतात हे दाखवलं. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ ते २०१२मध्ये, सुईनं नशा करणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आलं. ही जिभेखालची गोळी ग्राहकाला घट्ट धरते, पण त्याला अर्धंच चेतवते. टर्की येत नाही, झिंगही चढत नाही.

“बाई, एक नशा सोडून दुसरी लावली का?” असं शेजारची माय विचारते. मी तिला गोळी मध्येच तोडू नका म्हणते. उपचार सुटला की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि तलफ तशीच असते. मग पोरगा जुन्याच मात्रेवर जातो, जी पूर्वी पचत होती, आणि त्याच मात्रेनं श्वास थांबतो.