महासागराच्या पोटातील कान

समुद्राच्या पाण्यात सूर्यप्रकाश साधारण दोनशे मीटरपर्यंतच परिणामकारकरीत्या पोहोचतो. रेडिओलहरी तर त्याहूनही लवकर विरतात. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. त्यामुळे समुद्रात दूरवर काय घडले, हे जाणण्यासाठी पाहण्यापेक्षा ऐकणे उपयोगी ठरते. हे काम ‘हायड्रोफोन’ अर्थात पाण्याखालील ध्वनिग्राहक करतात. पाण्याच्या दाबातील सूक्ष्म चढउतारांचे ते विद्युत संकेतांत रूपांतर करतात.

नैसर्गिक ध्वनिमार्ग

समुद्रात खोल जावे तसे पाणी थंड होते आणि ध्वनीचा वेग घटतो. पुढे तापमान जवळपास स्थिरावते. परंतु दाब वाढत असल्याने वेग पुन्हा वाढू लागतो. मध्य अक्षांशांत सुमारे एक हजार मीटर खोलीवर तो सर्वांत कमी असतो. ध्वनिलहरी कमी वेगाच्या थराकडे वळत असल्याने या पट्ट्यात शिरलेला आवाज तेथेच कोंडला जातो. पृष्ठभागावर वा तळावर आपटून त्याची शक्ती खर्च होत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ मॉरिस युइंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवून दिलेला हा मार्ग ‘सोफार’ या नावाने ओळखला जातो. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थजवळच्या समुद्रात घडवलेल्या स्फोटांचा आवाज सुमारे २० हजार किलोमीटरवरील बर्म्युडा बेटाजवळ पावणेचार तासांनी ऐकू आला.

पाणबुड्यांपासून अणुचाचण्यांपर्यंत

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी अमेरिकेने १९५० च्या दशकात ‘सोसस’ ही यंत्रणा उभारली. तळावर ओळीने मांडलेले ध्वनिग्राहक केबलने किनाऱ्यावरील केंद्रांना जोडलेले असत. एकटा ध्वनिग्राहक आवाज आला एवढेच सांगतो. अनेक ध्वनिग्राहकांपर्यंत तो पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून दिशा कळते. या यंत्रणेच्या कार्याची गुप्तता १९९१ मध्ये उठवण्यात आली.

याच तत्त्वावर १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी करारासाठी ११ केंद्रांचे जागतिक जाळे विणण्यात आले. त्यांपैकी सहा केंद्रांत ध्वनिग्राहक आहेत, तर पाच केंद्रे बेटांवरील भूकंपमापकांद्वारे समुद्रातील ध्वनी टिपतात. ध्वनिग्राहक सुमारे दोन किलोमीटर अंतराच्या त्रिकोणात, ‘सोफार’ पट्ट्यात तरंगते ठेवलेले असतात. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तथापि, भारताला हादरवणारी घटना या जाळ्याने टिपली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाच्या वेळी हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया येथील केंद्रावर येणाऱ्या आवाजाची दिशा काही मिनिटांत सुमात्राकडून अंदमानकडे सरकत गेली. भूकवच सुमारे १२०० किलोमीटरपर्यंत उत्तरेकडे फाटत गेल्याचे नंतरच्या विश्लेषणात त्यावरून स्पष्ट झाले.

‘सान हुआन’चा शोध

या जाळ्याची खरी कसोटी २०१७ मध्ये लागली. १५ नोव्हेंबर रोजी अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही पाणबुडी ४४ जणांसह दक्षिण अटलांटिकमध्ये बेपत्ता झाली. शेवटच्या संपर्कानंतर सुमारे तीन तासांनी निर्माण झालेला एक आवाज सुमारे सहा हजार किलोमीटरवरील असेन्शन आणि आठ हजार किलोमीटरवरील क्रोझे येथील केंद्रांनी टिपला होता. दोन्ही ठिकाणांहून मिळालेल्या दिशारेषा शेवटच्या संपर्काच्या परिसरातच छेदत होत्या. आवाज स्फोटाशी मिळताजुळता असल्याचे २३ नोव्हेंबरला जाहीर झाले. पडताळणीसाठी १ डिसेंबरला त्या भागात मुद्दाम स्फोट घडवण्यात आला. तोही दोन्ही केंद्रांनी नोंदवला. वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्याच परिसरात सुमारे ९०० मीटर खोलीवर पाणबुडीचे अवशेष सापडले.

यंत्रणेच्या मर्यादाही या घटनेने दाखवून दिल्या. आवाज केंद्रांवर पोहोचायला तास-दीड तास लागला. त्याचा अर्थ लावायला आठवडा. कोणाचेही प्राण त्यामुळे वाचू शकले नाहीत. परंतु ४४ कुटुंबांच्या ‘कुठे आणि केव्हा’ या प्रश्नांचे पहिले ठोस उत्तर अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी बसवलेल्या या ध्वनिग्राहकांनीच दिले.