दुभाष्याच्या कानांनी: ‘शोगुन’ १९८० आणि २०२४

आज आपण दोन टीव्ही मालिकांबद्दल बोलणार आहोत. दोन्हींचं नाव ‘शोगुन’, आणि दोन्ही एकाच कादंबरीवर बेतलेल्या. पहिली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९८० मध्ये लागोपाठ पाच रात्री दाखवली गेली. दुसरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ती दहा भागांची आहे आणि त्याच वर्षी तिला १८ एमी पुरस्कार मिळाले. एका मालिकेला एका वर्षात इतके एमी त्याआधी कधी मिळाले नव्हते.

ऐतिहासिक मालिका म्हटली की आपल्याकडे पहिलं भांडण होतं ते कपड्यांवरून. पगडी त्या काळातली आहे का, तलवार अशी धरत होते का, वगैरे. हे प्रश्न फालतू नाहीत. पण मी आज वेगळा प्रश्न घेणार आहे. मालिका बघताना प्रेक्षकाला कुणाचं बोलणं समजतं, आणि कुणाचं समजत नाही? माझं म्हणणं असं की या दोन मालिकांतला खरा फरक तिथे आहे. आणि १६०० सालच्या जपानमधलं राजकारणसुद्धा बऱ्याच अंशी याच गोष्टीवर चालत होतं.

आधी इतिहास थोडक्यात बघू. जपानमध्ये १४६७ साली ओनिन युद्ध सुरू झालं आणि पुढची शंभरएक वर्षं सरदारांच्या आपापसातल्या लढायांत गेली. ओदा नोबुनागा यानं देश एका छत्राखाली आणायला सुरुवात केली, पण १५८२ मध्ये त्याचाच सरदार अकेची मित्सुहिदे त्याच्यावर उलटला आणि नोबुनागाचा अंत झाला. मग तोयोतोमी हिदेयोशीनं ते काम पुरं केलं. १५९८ मध्ये हिदेयोशी वारला तेव्हा त्याचा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा होता. कारभार पाहायला पाच बड्या सरदारांचं मंडळ नेमलेलं होतं. त्यातला सगळ्यात ताकदवान माणूस तोकुगावा इएयासु, आणि त्याच्या विरोधकांची मोट बांधणारा इशिदा मित्सुनारी.

अशा वेळी, एप्रिल १६०० मध्ये, क्यूशू बेटावरच्या बुंगो प्रांतात एक डच जहाज येऊन लागलं. नाव ‘लीफ्दे’. १५९८ मध्ये रॉटरडॅमहून पाच जहाजं निघाली होती, त्यातलं जपानला पोचलेलं हे एकच. चोवीसच्या आसपास माणसं जिवंत होती आणि त्यातली मोजकीच स्वतःच्या पायावर उभी राहू शकत होती. जहाजाचा पायलट, म्हणजे समुद्रातली वाट ठरवणारा माणूस, इंग्रज होता: विल्यम अ‍ॅडम्स. त्याला ओसाकाला इएयासुपुढे नेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, इएयासु जिंकला आणि १६०३ मध्ये शोगुन झाला. त्याच्या घराण्याची सत्ता पुढे अडीचशेहून जास्त वर्षं टिकली. अ‍ॅडम्स कधीच मायदेशी परतला नाही. १६२० मध्ये तो हिरादोला वारला.

जेम्स क्लॅव्हेल यांनी या घटनांवर १९७५ मध्ये कादंबरी लिहिली. क्लॅव्हेल दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे युद्धकैदी होते, सिंगापूरच्या चांगी तुरुंगात. त्यांनी नावं बदलली. इएयासुचा तोरानागा झाला, इशिदाचा इशिदो, अ‍ॅडम्सचा ब्लॅकथॉर्न. जहाजाचं नाव मात्र त्यांनी ‘इरॅस्मस’ ठेवलं, आणि ते मनचं नव्हे: ‘लीफ्दे’चं मूळ नाव ‘इरॅस्मस’च होतं. जहाजाच्या मागच्या बाजूला त्या डच विद्वानाची लाकडी मूर्ती होती. ती पुढे जपानमधल्या एका बौद्ध मंदिरात गेली आणि तिथे लोक तिला होडीचा शोध लावणारा चिनी पुरुष समजून मान देत राहिले. आज ती तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. मूर्ती तीच, पण ती कुणाची हे बघणाऱ्यावर ठरलं.

आता १९८० च्या मालिकेकडे येऊ. ब्लॅकथॉर्न झाले रिचर्ड चेंबरलेन, तोरानागा झाले तोशिरो मिफुने, आणि दुभाषी मारिको झाल्या योको शिमादा. चित्रीकरण जपानमध्येच झालं. पण जपानी संवादांना सबटायटल्स दिली नाहीत, आणि तीही मुद्दाम. ब्लॅकथॉर्नला जेवढं समजेल तेवढंच प्रेक्षकाला समजावं, अशी योजना. मध्येमध्ये ऑर्सन वेल्स यांच्या आवाजात निवेदन येतं, एरवी मारिको सांगेल ते खरं.

याचा परिणाम काय झाला? मिफुनेसारखा मोठा नट समोर बोलतोय आणि प्रेक्षकाला त्याचा चेहरा आणि आवाजाचा चढउतार एवढंच मिळतं. परक्या देशात येऊन पडलेल्या माणसाची भीती त्यातून फार चांगली पोचते. हे त्या मालिकेचं बळ आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. पण त्याची किंमतही मोठी आहे. जपानी माणसं विचार करतात, आपसात वाद घालतात, एकमेकांना फसवतात, हे सगळं नुसता आवाज होऊन जातं. गंमत म्हणजे कादंबरीत असं नाही. कादंबरीत आपण तोरानागाच्या डोक्यात शिरतो. तो दरवाजा १९८० च्या मालिकेनं बंद केला.

अमेरिकेत ती मालिका प्रचंड पाहिली गेली. जपानमध्ये मात्र तिचं विशेष स्वागत झालं नाही. आणि का व्हावं? तिथल्या प्रेक्षकाला इएयासु त्याच्या खऱ्या नावानं ठाऊक होता. एनएचके ही तिथली सार्वजनिक वाहिनी १९६३ पासून वर्षभर चालणारी ऐतिहासिक मालिका दाखवते, तिला ‘ताइगा’ म्हणतात, म्हणजे मोठी नदी. १९८३ ची ताइगा मालिका ‘तोकुगावा इएयासु’ हीच होती. ती यामाओका सोहाची यांच्या २६ खंडांच्या कादंबरीवरून केलेली. तिथला इएयासु संयमी आणि शांततेसाठी झगडणारा. २०२३ च्या ताइगा मालिकेतला इएयासु बघा: घाबरट, गोंधळलेला तरुण, पुढे काय करायचं असं सारखं विचारणारा. म्हणजे जपानमध्येही जुना आणि नवा इएयासु एक नाही. आणि या २०२३ च्या ४८ भागांच्या मालिकेत विल्यम अ‍ॅडम्स आहे, पण अगदी छोट्या भूमिकेत. जपानच्या दृष्टीनं त्या गोष्टीतली त्याची जागा तेवढीच.

आता २०२४. तोरानागा आहेत हिरोयुकी सानादा आणि ते निर्मात्यांपैकीही एक आहेत. चित्रीकरण कॅनडात झालं, पण जपानी ऐतिहासिक नाटकं आणि चित्रपट करून तयार झालेले केशभूषाकार, वेशभूषाकार, चालण्याबसण्याच्या रीती शिकवणारे लोक तिथे नेले. संवादांचा मोठा भाग जपानीत आहे. इंग्रजीत लिहिलेले संवाद आधी जपानीत गेले, मग त्यांना जुन्या काळच्या जपानीचा बाज दिला, आणि तिथून ते पुन्हा इंग्रजी सबटायटल्समध्ये आले.

आता बघा काय होतं. सबटायटल्स आली आणि दुभाष्याचं काम पहिल्यांदा उघड्यावर आलं. ब्लॅकथॉर्न काहीतरी उद्धट बोलतो, मारिको ते मऊ करून तोरानागाला सांगते. आपल्याला दोन्ही वाक्यं कळतात, त्यामुळे मधलं अंतरही कळतं. १९८० च्या प्रेक्षकाला मारिकोनं काय बदललं, काय गाळलं, हे कळायची सोयच नव्हती. त्याच्यासाठी ती नायकाची प्रेयसी आणि मदतनीस होती. नव्या मालिकेत ती स्वतः निर्णय घेणारी राजकीय व्यक्ती आहे. आणि हे आजच्या काळाला आवडावं म्हणून चिकटवलेलं नाही.

कारण मारिकोच्या मागे एक खरी स्त्री आहे: होसोकावा ग्रासिया. नोबुनागावर उलटलेल्या अकेची मित्सुहिदेची ही मुलगी. वडिलांच्या त्या कृत्यानंतर तिला काही काळ डोंगराळ भागात एकांतात ठेवलं होतं. १५८७ मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. १६०० मध्ये इशिदानं विरोधी सरदारांच्या कुटुंबांना ओसाकात ओलीस धरायला सुरुवात केली, तेव्हा तिनं वाड्यातून बाहेर पडायला नकार दिला. ख्रिस्ती धर्मात आत्महत्या निषिद्ध, म्हणून घराण्याच्या सेवकाच्या हातून तिनं मरण पत्करलं. हे प्रकरण इशिदाला महागात पडलं. नव्या मालिकेत मारिकोचा शेवट गोष्टीचा कळस होतो, तो या इतिहासाच्या जवळ जाणारा आहे. मात्र ग्रासिया आणि अ‍ॅडम्स यांची भेट झाल्याची नोंद नाही. तो धागा कादंबरीकाराचा.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नवी मालिका बरोबर आणि जुनी चूक. इतकं सोपं नाही. दोन्ही मालिकांत एक प्रसंग आहे: किनाऱ्याला लागलेल्या खलाशांपैकी एकाला उकळत्या कढईत मारलं जातं. अ‍ॅडम्सनं पुढे लिहिलेली पत्रं आपल्याकडे आहेत. त्यांत असं काही नाही. बुंगोच्या अधिकाऱ्यानं त्यांना किनाऱ्यावर एक घर दिलं, खायला दिलं, असं तो सांगतो. नंतर ओसाकात त्याला सुमारे सहा आठवडे कैदेत ठेवलं, हे खरं. पण ती कढई क्लॅव्हेलची. २०२४ मध्ये अंगावरचा किमोनो बरोबर झाला, बसण्याची पद्धत बरोबर झाली, आणि कढई तशीच राहिली. पोशाख अचूक असला म्हणून प्रसंग खरा होत नाही, हे यातून घ्यायचं. उलट पोशाख जितका अचूक, तितका खोटा प्रसंग आपण बिनतक्रार गिळतो.

आता भाषेकडे परत येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे. अ‍ॅडम्सच्या जिवावर बेतलं होतं ते भाषेमुळेच. त्या वेळी जपानमध्ये युरोपीय लोकांचं बोलणं समजावून सांगणारे बहुतेक जेझुइट पाद्री किंवा त्यांच्या जवळचे लोक होते. प्रॉटेस्टंट डच आणि इंग्रज म्हणजे त्यांचे शत्रू. हे लोक चाचे आहेत, यांना मारा, असं पोर्तुगीज आणि जेझुइट सांगत होते. ज्याला ठार करायचं त्याच्याच तोंडचे शब्द पोचवायचं काम शत्रुपक्षाकडे! इएयासु मुत्सद्दी होता. यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, मग मारू कशाला, अशी त्याची भूमिका राहिली.

पोर्तुगीज तिथे इतके रुजले कसे, याचं उत्तर आपल्या शेजारी आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला गेला तो गोव्याहून. ज्या काळ्या जहाजावरून दोन्ही मालिकांत एवढं राजकारण चालतं, त्या पोर्तुगीज व्यापाराची वाट गोवा, मकाव, नागासाकी अशी होती. आणि जेझुइटांची भाषा शिकण्याची पद्धतही दोन्हीकडे सारखीच. इएयासुचा दुभाषी झालेला जुआंव रोद्रिगिश यानं जपानीचं मोठं व्याकरण लिहिलं, ते १६०४ ते १६०८ दरम्यान नागासाकीत छापलं गेलं. त्याच काळात गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स, अ‍ॅडम्ससारखाच एक इंग्रज, कोकणीचं व्याकरण रचत होता आणि मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहीत होता, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. ज्याच्याकडे भाषा, त्याच्याकडे दरबाराचा दरवाजा, हे या मंडळींनी नीट ओळखलं होतं.

अ‍ॅडम्सनंही ते ओळखलं. तो जपानी शिकला, इएयासुसाठी युरोपीय बनावटीची दोन जहाजं बांधून दिली, हेमी इथे जहागीर मिळवली आणि मिउरा अंजिन झाला. अंजिन म्हणजे पायलट. रोद्रिगिशला १६१० मध्ये जपान सोडावं लागलं, आणि परदेशी लोकांच्या बाबतीत इएयासुचा भरवशाचा माणूस उरला तो अ‍ॅडम्स. १६१३ मध्ये पहिलं इंग्रज जहाज हिरादोला आलं तेव्हा इंग्लंडच्या राजाचं पत्र इएयासुच्या दरबारी समजावून सांगायला मधे उभा होता तोच. त्या जहाजाचा कप्तान जॉन सॅरिस आणि त्याचं मात्र जमलं नाही. सॅरिसला हा आपला देशबांधव फारच जपानी झालेला वाटला.

म्हणजे ज्याच्यासाठी दुसऱ्यांनी भाषांतर केलं, तो माणूस शेवटी स्वतःच दुभाषी झाला. दोन्ही मालिका याच्या आधीच थांबतात. १९८० च्या मालिकेनं आपल्याला न समजणाऱ्याच्या जागी बसवलं. २०२४ च्या मालिकेनं सगळं समजणाऱ्याच्या जागी बसवलं. खऱ्या १६०० मध्ये सगळं समजणारा कुणीच नव्हता, इएयासुसुद्धा नाही. प्रत्येकाला अर्धं कळत होतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी कुणावर तरी विश्वास टाकावा लागत होता.

तेव्हा पुढच्या वेळी कुठलीही ऐतिहासिक मालिका बघाल, जपानची किंवा आपली, तेव्हा पगडी जरूर तपासा. पण त्याबरोबर हेही विचारा की आपण इथे कुणाच्या कानांनी ऐकतोय, आणि मधे उभा राहून सांगणारा कोण आहे. एवढं बोलून थांबतो.