पाच कोटींचा पाया

चिंतामणराव देशमुखांचे वडील रोह्याला वकिली करत. चिंतामणरावांचं बालपण याच परिसरातलं. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री.

लोकांची छोटी बचत एकत्र करून गुंतवणारा युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया (यूटीआय) मात्र त्यांनी काढला नाही. मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. ट्रस्टचा कायदा १९६३ मध्ये, टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना झाला. तरी ट्रस्टची कथा रोह्यापासून सांगावीशी वाटते, ती त्याच्या सुरुवातीच्या पाच कोटींच्या भांडवलामुळे. त्यातले अडीच कोटी रिझर्व्ह बँकेचे; स्टेट बँक आणि आयुर्विमा महामंडळाचे प्रत्येकी पंचाहत्तर लाख. रिझर्व्ह बँकेचं १९४९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा गव्हर्नर चिंतामणरावच होते. स्टेट बँक १९५५ मध्ये उभी राहिली आणि १९५६ मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, तेही त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात. पाया त्यांनी घातला, इमारत इतरांनी चढवली.

१ फेब्रुवारी १९६४ ला ट्रस्टची स्थापना झाली. जुलैत ‘युनिट-६४’ ही योजना आली. एका युनिटची दर्शनी किंमत दहा रुपये. पेणच्या गणपती कारखान्यात हंगामाचा पैसा हाती येणाऱ्या कारागिराला कोणत्या कंपनीचे शेअर घ्यावेत हे कोण सांगणार? इथे अनेकांचे थोडे थोडे पैसे एकत्र करून जाणकार माणसं ते गुंतवत आणि लाभांश वाटत. १९७८ मध्ये ट्रस्ट रिझर्व्ह बँकेकडून आयडीबीआयकडे गेला, १९८६ मध्ये ‘मास्टरशेअर’ ही योजना आली.

घात झाला तो किंमत ठरवण्यात. युनिट-६४ चा भाव ट्रस्ट स्वतः जाहीर करी. हाताशी असलेल्या शेअरांच्या खऱ्या मोलाशी त्याचा मेळ राहिला नाही. जुलै २००१ मध्ये युनिटांची परतफेडच थांबवली गेली. घरोघरी निवृत्तीचे पैसे त्यात होते, आणि ज्यांनी सरकारी नावावर भरवसा ठेवला त्यांच्याशी हे वागणं अन्यायाचंच होतं. पुढे पेणकरांनी असाच धक्का घराजवळ सोसला: २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले आणि ठेवी अडकल्या.

युनिटधारकांसाठी निदान सरकार उभं राहिलं. पाच हजार युनिटांपर्यंत बारा रुपये, त्यापुढे दहा, अशा हमीच्या भावानं योजना २००३ मध्ये गुंडाळली. त्याच वर्षी ट्रस्टचे दोन भाग झाले आणि त्यातला यूटीआय म्युच्युअल फंड सेबीच्या नियमांखाली आला. त्याच्या युनिटांचा भाव आता हाती असलेल्या गुंतवणुकीच्या बाजारमोलावरूनच काढावा लागतो आणि तो रोज जाहीर होतो.