शुभ्र वस्त्राची प्रतिष्ठा

इस्पितळात शुभ्र वस्त्रातील परिचारिका दिसताच रुग्णाच्या नातलगांना आज जो धीर येतो, तो महाराष्ट्रात वंशपरंपरेने चालत आलेला नसून भीतीच्या आणि अपमानाच्या काळातून वाट काढीत रुजलेला आहे, याचे विस्मरण होऊ नये असे मला मनापासून वाटते.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. कारण तेथे नेलेला मनुष्य जिवंत परतत नाही, अशी वदंता शहरभर पसरली होती. पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग-अधिकारी रँडसाहेबांच्या अंमलात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या देवघर-माजघराचा मुलाहिजा न ठेवता घरांच्या झडत्या घेऊन रोग्यांना आणि संशयितांना बाहेर काढू लागल्या, तेव्हा औषधोपचार आणि लष्करी गणवेश यांची अशी काही सांगड रयतेच्या मनात बसली, की दारात आलेला डॉक्टर लोकांना जप्तीच्या बेलिफासारखा भासू लागला. त्याच साथीत, कोणत्याही खात्याचा बिल्ला नसलेल्या सावित्रीबाई फुले पीडितांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे देहावसान झाले.

परिचारिकेच्या पोशाखाची अडचण निराळी होती. युरोपातील ख्रिस्ती जोगिणींच्या वेषाची छाप त्यावर होती आणि आमच्याकडे तो मिशनच्या दवाखान्यांतून परिचित झाला, म्हणून धर्मांतराची शंका त्याला चिकटली; शिवाय परपुरुषाचा स्पर्श, रात्रीची पाळी, विटाळाची कल्पना, या सर्वांमुळे कुलीन म्हणविणाऱ्या घरांना तो त्याज्य वाटे.

हा ग्रह हटविण्याचे श्रेय मी प्रामुख्याने पुण्याच्या सेवासदनास देतो. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी स्थापिलेल्या या संस्थेने हिंदू विधवांना ससून इस्पितळात परिचारिकेच्या शिक्षणासाठी धाडले, आणि केशवपन करून, आलवण नेसवून जिला समाजाने मंगलकार्यातून हद्दपार केले होते, त्याच वर्गातील स्त्री आता पगार मिळविणारी, नाडी पाहणारी, प्रसूतीच्या वेळी हक्काने बोलावली जाणारी बाई झाली. रमाबाई स्वतः १९०१ पासून वैधव्य भोगीत होत्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीने आपल्या शब्दावर या मुली इस्पितळात पाठविल्या, तेव्हा त्यांच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणे पुण्यातील सभ्य गृहस्थांना पूर्वीइतके सोपे राहिले नाही.