करड्याचा थांबलेला वस्तरा

बटा रंगवण्याचा ब्रश सलूनमध्ये अलीकडे आला. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा एवढाच संसार. तरी शिरूर तालुक्यातील करडे गावी हीच धोकटी सावकाराविरुद्धचे शस्त्र ठरली.

डिसेंबर १८७४. काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडण्यास घेतले. गाव चिडले. सावकारांची शेते कोणी कसेना, पाणी कोणी भरेना, न्हावी हजामत करीना. बलुतेदारांवाचून गावात राहणे किती अवघड, हे त्यांना प्रथमच उमगले असावे!

बहिष्काराचे लोण गावोगाव पोहोचले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे (दौंडही तेव्हा याच तालुक्यात) मात्र दंगा उसळला आणि सावकारांच्या वह्या जळाल्या. करड्यात वस्तरा नुसताच थांबला होता.