विद्यार्थी-नायक, कॅथलिक प्राथमिक शाळांतील
कॅथलिक प्राथमिक शाळांत मुलांकडे सोपवली जाणारी शिस्तीची, सेवेची व उपासनेतील कामे. मुंबईत चिंचपोकळीच्या मुलांना अशा शाळा भायखळा-माझगावच्या बाजूस मिळतात. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची माझगावची सेंट मेरीज (१८६४) त्यांतली जुनी.

प्रथेचे एक मूळ जेझुइटांच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेत आहे. तीत ‘डेक्युरियन’ म्हणून नेमलेली मुले इतरांचे पाठांतर ऐकत, लेखी काम गोळा करत आणि कोण कितीदा अडखळला हे टिपून ठेवत. पंतोजींच्या शाळेत थोरला मुलगा धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेई, त्यामुळे ही कल्पना इथे परकी नव्हती. प्रीफेक्ट, हाउस, कॅप्टन ही नावे मात्र इंग्रजी पब्लिक स्कूलांतून आली. ती परंपरा मुख्यतः प्रॉटेस्टंट. कॅथलिक शाळांनी ती सहज आपलीशी केली, ही गंमतच.

प्राथमिक वर्गांतला खरा अधिकारी मॉनिटर. फळा पुसणे, वह्या टीचरकडे पोचवणे, रांग सरळ ठेवणे ही त्याची कामे. पण दरारा असतो तो बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा. मॉनिटर, कॅप्टन यांसारखी शाळेतली पदे सर्वधर्मीय मुलांना खुली असतात.

वेदीसेवक याहून वेगळा. तो शाळेचा नव्हे, चर्चचा. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधील उपासनाविधीच्या, वेळी धर्मगुरूला साहाय्य करतो. संत तार्सिसियस हा वेदीसेवकांचा आश्रयदाता. या सेवेत मुलींनाही घेता येईल, असे व्हॅटिकनने १९९४ मध्ये स्पष्ट केले.