पाहुण्यांना दिलेली यादी: खाण्याच्या ठिकाणांतून संशोधनप्रश्न कसा सापडतो?

मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं: "विषय आवडीचा आहे, पण त्यातून सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याजोगा प्रश्न कसा काढायचा?" याचं उत्तर मी माझ्याच एका फजितीतून देतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नागपुरात दोन दिवसांचं चर्चासत्र घेतलं. बाहेरगावचे तीसेक पाहुणे येणार होते. रिसर्च स्कॉलर म्हटलं की स्टेशनवर गाडी घेऊन जाणं आलंच. त्याशिवाय माझ्याकडे आणखी एक काम होतं: 'नागपुरात कुठे काय खावं' असं एक पान तयार करून प्रत्येकाच्या फाइलमध्ये घालायचं. ते मी अर्ध्या तासात उरकलं. सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे. रात्री सावजी, शाकाहारी असाल तर पाटोडी-रस्सा. एसीत बसायचं असेल तर एम्प्रेस मॉल. जाताना हल्दीरामची संत्रा बर्फी. वर शीर्षक दिलं, 'अस्सल नागपुरी'.

फाइली लावताना माझ्या सोबतच्या स्कॉलर मैत्रिणीने ते पान वाचलं आणि म्हणाली, "छान झालंय. पण माझी आजी या यादीत कुठेच बसत नाही." तिची आजी वर्धा जिल्ह्यातली. तरुणपणापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी. म्हणजे नागपूरची पाहुणी म्हणून तिची हजेरी आमच्या तीसही पाहुण्यांपेक्षा जास्त. पण तिने नागपुरात कधी हॉटेलात जेवण केलं नाही. येताना फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून आणायची. मी विचारलं, "पैशामुळे?" मैत्रीण म्हणाली, "तेही असेल. पण आजी म्हणते, आपण हॉटेलात जात नसतो. का जात नसतो, हे मी तिला कधी विचारलंच नाही."

छापलेलं पान बदलायला वेळ नव्हता. पाहुणे आले, तर्री खाऊन नाकातून पाणी काढत परत गेले. तो प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

यादीला साधन म्हणून वाचा

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्याला मोडी कागद, गॅझेटियर, सरकारी अहवाल आठवतात. पण पाहुण्याला दिलेली यादीही साधनच आहे. तिला तेच तीन प्रश्न विचारायचे, जे आपण कुठल्याही दस्तऐवजाला विचारतो. कोणी केली? कोणासाठी केली? काय गाळलं?

माझी यादी मी केली, म्हणजे शहरात वाढलेल्या, हॉटेलात जाताना कधी दारात थबकावं न लागलेल्या माणसाने. ती केली विमानाने किंवा टू-टियर एसीने येणाऱ्या प्राध्यापकांसाठी. आणि काय गाळलं, ते मला मैत्रिणीने सांगितलं. आता यादीतली एकेक ओळ घेऊ.

सावजी: पाटीमागचा माणूस

सावजी म्हणजे तिखट, एवढंच बाहेरच्यांना माहीत असतं. नागपुरात हे जेवण हलबा कोष्टी समाजाचं म्हणून ओळखलं जातं. कोष्टी म्हणजे विणकर. महाल, इतवारी, तांडापेठ या भागांत त्यांची वस्ती आणि त्यांचे माग. जुन्या पद्धतीत जवसाचं तेल, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, काळी मिरी. मटणासोबत खूर आणि सुंदरी, म्हणजे बकऱ्याचे पाय आणि आतडी. बकऱ्याचा कुठलाच भाग वाया न घालवणाऱ्या कष्टकरी घरांचं हे जेवण.

आता याला सनावळी जोडा. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तो हाच दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. गिरणीच्या कापडाने हातमागाचं पोट मारलं. पुढे गिरणीच बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. तोच, जो मी 'एसीत बसायचं असेल तर' म्हणून लिहिला होता. म्हणजे माझ्या यादीत विणकराचं स्वयंपाकघर आणि गिरणीची जागा दोन्ही होत्या. नव्हता तो फक्त विणकर.

सर्वसाधारणपणे सांगितलं जातं ते असं: मागावरचं काम कमी झालं, तेव्हा घरातलं रांधणं विकायला सुरुवात झाली आणि भोजनालयं निघाली. पटण्यासारखं आहे ना? इथेच थांबा. जे पटतं ते सिद्ध झालेलं नसतं, त्याला गृहीतक म्हणतात. ते तपासायचं तर कुठे जाल? महापालिकेचे परवाने, दुकाने व आस्थापना कायदा १९४८ खालच्या नोंदी, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, आणि भोजनालय चालवणाऱ्या घरांतल्या म्हाताऱ्या बाया. शेवटचं साधन सगळ्यात आधी गाठा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

एक अडचणही लक्षात घ्या. उत्तर कर्नाटकात, हुबळीकडे, सावजी हॉटेलं आहेत. ती सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची. हा समाजही परंपरेने विणकरच. नाव तेच, धंदा तोच, तिखटपणाची ख्याती तीच, समाज मात्र वेगळा. फक्त नागपूर पाहून 'सावजी म्हणजे अमुक' अशी व्याख्या केलीत, तर व्हायव्हाला कोणीतरी हुबळीचं नाव काढेल आणि तुम्ही गप्प बसाल. तुलना कुठे करावी लागणार, हे विषय निवडतानाच शोधून ठेवा.

३२ मसाल्यांची गोष्ट

माझ्या पानावर मी 'सावजीत ३२ मसाले असतात' असं ठोकून दिलं होतं. गाइड मॅडमनी विचारलं, "कुठून घेतलंस?" मी म्हटलं, एका लेखातून. त्या लेखाने? दुसऱ्या लेखातून. दुसऱ्याने? "असे म्हणतात." मी बसून पाहिलं तर चार लेख एकमेकांकडेच बोट दाखवत होते. मॅडम म्हणाल्या, "चार संदर्भ नाहीत हे. एकच आहे, चार वेळा छापलेला."

साहित्याचा आढावा घेताना हे रोज होईल. दावा किती ठिकाणी आला हे मोजू नका, तो पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. नाहीच सापडलं, तर प्रश्न उलटा करा: हा आकडा कोणाच्या उपयोगाचा आहे? 'गुप्त मसाला' ही गोष्ट पाटीवर चांगली दिसते. आणि ज्या समाजाच्या हातात भांडवल कमी, त्याच्यासाठी कृती गुप्त ठेवणं हेच भांडवल असू शकतं. चुकीचा आकडासुद्धा असा कामाला येतो.

'अस्सल' म्हणजे काय?

संत्रा बर्फीची ओळ घ्या. हल्दीरामचं मूळ दुकान १९३७ चं, राजस्थानातल्या बिकानेरचं. त्या घराण्याची एक शाखा नागपुरात आली आणि इथल्या संत्र्याची बर्फी पाहुण्यांच्या पिशवीत जाऊ लागली. नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ मध्ये. पोह्यांचंही पाहा. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या पट्ट्याशिवाय पोह्यांची गोष्ट सांगता येत नाही, आणि तर्री चण्याची. 'अस्सल नागपुरी' ताटात नागपूर शहरात पिकलेलं जवळजवळ काहीच नसतं. शहर म्हणजे आलेल्या माणसांची आणि मालाची बेरीज. तेव्हा शोधनिबंधात 'अस्सल', 'पारंपरिक' असे शब्द लिहाल, तेव्हा पुढे 'कधीपासून?' असं स्वतःच विचारा.

पाहुणा कोण?

नागपूर हे पाहुण्यांचंच शहर आहे. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, १९६० पासून. डिसेंबरात आमदार, अधिकारी, पत्रकार येतात आणि कोणी कुठे सावजी खाल्लं याची चर्चा होते. त्याच दिवसांत मोर्चे घेऊन हजारो माणसं येतात. तेही पाहुणेच, पण त्यांनी कुठे खाल्लं हे कोणी लिहीत नाही.

थोडं मागे जा. १९२० हे एकच वर्ष घ्या. ३० मे ते १ जून अखिल भारतीय बहिष्कृत परिषद नागपुरात भरली. अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज होते आणि तरुण डॉ. आंबेडकर हजर होते. डिसेंबरात इथेच काँग्रेसचं अधिवेशन झालं, १४ हजारांहून अधिक प्रतिनिधी आले, असहकाराचा ठराव पक्का झाला. एका शहरात, एका वर्षात, पाहुण्यांचे दोन मोठे मेळावे. ठराव आणि भाषणं आपण वाचतो. पण हे लोक जेवले कुठे, रांधलं कोणी, पाणी कोणत्या विहिरीचं, पंगती किती? ३१ जानेवारी १९२० पासून 'मूकनायक' निघत होतं. त्या काळची वृत्तपत्रं चाळताना आता तुमची नजर ठरावांच्या खालच्या बारीक मजकुरावरही जाईल.

जेवणाच्या पंगतीत इतिहास घडतो, याचा नागपुरातलाच दाखला आहे. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन इथे झालं. चोखामेळा कन्याशाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरींना तिथे जेवणाच्या वेळी वेगळी वागणूक मिळाली. दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. हे आपल्यापर्यंत आलं त्यात उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्यांनी जुने अंक धुंडाळले आणि गावोगाव फिरून बायांशी बोलल्या. परिषद होती हक्कांसाठी, आणि भेद समोर आला ताटावर.

दार कोणासाठी उघडं होतं?

आता आजीकडे येऊ. 'आपण हॉटेलात जात नसतो' हे वाक्य तिच्या एकटीचं नाही.

१९२० च्या परिषदेचे अध्यक्ष शाहू महाराज यांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली होती. स्पृश्य गिऱ्हाईक तिथे फिरकत नव्हतं, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पीत आणि सोबतच्यांनाही पाजत. खाण्याचं ठिकाण सुचवणं म्हणजे काय असतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. राजाला कपभर चहा पिऊन दाखवावं लागत होतं, म्हणजे दार किती घट्ट बंद होतं बघा.

म्हणूनच राज्यघटनेचं कलम १५ (२) नीट वाचा. मूलभूत हक्कांच्या भाषेत तिथे चक्क दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांची नावं आहेत. इतका बारीक तपशील घटनेत का आला? कारण बंदी त्या तपशिलातच होती. मग १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला आणि हॉटेलात प्रवेश नाकारणं गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी, १९५६ च्या ऑक्टोबरात, बाबासाहेब नागपुरात आले तेव्हा सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेची पत्रकार परिषद तिथेच झाली आणि १४ तारखेला दीक्षा. लाखो लोक आले. त्यातल्या कितीतरींनी शिदोरी सोबत आणली होती.

कायदा झाला की सवय लगेच बदलते का? आजीची भाकरी गरिबीची, भीतीची, की स्वाभिमानाची? की दीक्षाभूमीवर सगळ्यांसोबत बसून सोडलेली शिदोरी हाच तिचा सण होता? उत्तर मी माझ्या मनाने देऊ शकत नाही. ते आजीलाच विचारायला हवं. हाच संशोधनप्रश्न.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

'नागपूरची खाद्यसंस्कृती: एक अभ्यास' असं लिहू नका. त्यात काळ नाही, माणूस नाही, प्रश्नही नाही. त्याऐवजी असं करून पाहा: '१९५६ नंतर दीक्षाभूमीवर येणाऱ्या स्त्रियांच्या आठवणींतली शिदोरी, पाणी आणि हॉटेल'. ठिकाण ठरलं, काळ ठरला, साधन ठरलं. विषय लहान झाला, पण काम करता येईल असा झाला.

मैत्रीण दिवाळीत गावी गेली आणि आजीला तिने विचारलं. आजी आधी हसली. मग म्हणाली, "एकदा गेली होती मी. सीताबर्डीवर. चहा घेतला. पेला मीच विसळून ठेवला. पोरगा म्हणाला, आजी, राहू द्या. तरी विसळला." कोणत्या साली, आठवत नाही म्हणाली. मैत्रिणीने वहीत तारीख टाकून सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. माझ्या आख्ख्या पानापेक्षा त्या चार ओळींत नागपूर जास्त आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावात पाहुणा आला तर त्याला कुठे खायला सांगाल, त्या पाच जागा लिहा. प्रत्येकीपुढे तीन रकाने करा: रांधतं कोण, कधीपासून, आणि कोण तिथे जात नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. पुढच्या पोस्टमध्ये अशा मुलाखती घेताना संमती कशी घ्यायची आणि नोंदी कशा ठेवायच्या, ते पाहू.

आणि हो, नागपूरला आलात तर तर्री-पोहे खाच. फक्त तर्री आधी थोडीच घ्या.